धर्मातात्यांचं परायवेट शहर

तारापूरच्या मासळी बाजाराला धर्मातात्या तांडेल कोपाकबाना म्हणत, आणि तेही अगदी गंभीर चेहऱ्यानं. बोंबलांच्या पाट्यांमधून वाट काढत, उघडी छत्री उंच धरून ते पुढे चालत आणि मागून येणाऱ्या एकट्या माणसाला सांगत, "ह्यो कोपाकबाना. वाळू पांढरी, बाया उगड्या. हितं लय वेळ बगायचं नाय, पुढं चला." त्यावर कोळणी पाठीमागून काय म्हणत ते मला लिहिता येणार नाही.

साठच्या दशकाच्या सुरुवातीला मी तारापूरच्या शाळेत भूगोल शिकवायला आलो. मी देशावरचा. समुद्र निळा असतो असं मुलांना सांगत आलेलो, आणि तारापूरचा निघाला मातकट. बोईसरला उतरून ट्रंक आणि वळकटी घेऊन टांग्यानं आलो, तर खोली मिळाली ती तात्यांच्या भिंतीला भिंत लावून. तिसऱ्या दिवशी सकाळी दारात एक उंच, काळाकभिन्न म्हातारा उभा. डोक्यावर खलाशाची जुनी टोपी, हातात छत्री. "मास्तर, शहर बगायचं?" मी विचारलं, "कुठलं? पालघर?" त्यांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "रियो. ब्राझीलमदलं. परायवेट टूर हाय."

या टूरचे नियम कडक होते. एका वेळी एकच माणूस. ("घोळक्याला दावतात ती जत्रा.") पायात चपला पाहिजेत, कारण शहरात कोणी अनवाणी चालत नाही. ऊन नसो, पाऊस नसो, छत्री उघडीच, कारण तिकडच्या वाटाड्यानंही ती तशीच धरली होती. आणि कुठलंही ठिकाण गाळायचं नाही. मध्येच कोणी "तात्या, उशीर झाला" म्हणालं, की ते ठरलेलं वाक्य म्हणत, "घाई नाय करायची. शहर पळून जात नाय." पिठाच्या गिरणीपाशी ट्रामचा डेपो होता. सरकारी दवाखान्याच्या जागी राजाचा वाडा. खाडीच्या तोंडाशी उभं राहून ते साखरेचा डोंगर दाखवत. तिथं डोंगर नव्हताच, त्यामुळे हवेत बोटानं काढून दाखवत. एका ताडाकडे बोट करून म्हणत, "याच्या वीसपट उंच डोंगर. त्यावर येशू हात पसरून उबा. त्याच्यापुढं टोपी काढायची." मी टोपी घालत नसे. तेव्हा ते आपली काढून माझ्या डोक्यावर ठेवत आणि परत काढायला लावत.

भाषेबद्दल त्यांचं ठाम मत होतं. "आपलीच भासा हाय, मास्तर. फकस्त तोंडात सुपारी धरून बोलतात." आणि पुरावे होते. साबणाला तिकडे साबाव म्हणतात. चावीला शावी. बटाट्याला बटाटाच. बादलीला बालदी, पाद्र्याला पाद्री. फक्त एकदा फसगत झाली होती. खाणावळीत तात्यांनी पेरू मागितला, तर वाढप्यानं कोंबड्यासारखा एक अगडबंब पक्षी भाजून पुढ्यात ठेवला. तिकडे पेरू म्हणजे तो पक्षी. पण तात्यांनी त्यावरून भाषेला दोष दिला नाही. "त्यो वाढपी बहिरा व्हता," ते म्हणाले.

टूर संपायची ती किल्ल्याच्या पडक्या पायऱ्यांपाशी. तिथं छत्री मिटून ते म्हणत, "वर वसंताचं घर. हितून फुडं कुनाला न्यायचं नाय. परायवेट हाय."

वसंता त्यांचा एकुलता एक मुलगा. तोही बापासारखा बोटीवर गेला आणि रियोला उतरला तो बोटीवर परतलाच नाही. कप्तानानं तेवढंच कळवलं. दोन वर्षं हिराबाईंनी, म्हणजे तात्यांच्या बायकोनं, अन्न जेमतेम गिळलं. मग तात्यांना कशीबशी तिकडे जाणारी मालाची बोट मिळाली. कॉफीची पोती चढेपर्यंत एक दिवस मोकळा होता. त्या दिवसात त्यांनी मुलाला शोधून काढलं. वसंता सुतारकाम करतो, डोंगरावर पायऱ्या चढून गेलं की त्याचं घर, बापाला पुढ्यात बसवून त्यानं जेवू घातलं, असं त्यांनी येऊन सांगितलं. हिराबाई जेवू लागल्या. गावातल्या शेंबड्या पोरालाही ही हकिकत तोंडपाठ होती, आणि मीही ती शाळेत ब्राझीलचा धडा घेताना दोनदा सांगितली होती.

पितृपक्षात मला खरं कळलं.

त्या दुपारी मी परसात गेलो तर तात्या माझ्या न्हाणीच्या कौलांवर केळीचं पान ठेवत होते. भात, वडे, खीर, काळ्या वाटाण्याची आमटी. मला पाहून ते दचकले. पूर्वजांचं पान आपल्या दारी ठेवतात, शेजाऱ्याच्या न्हाणीवर नव्हे. मी म्हटलं, "तात्या, हे कोणाचं?" त्यांनी आपल्या घराकडे एकदा पाहिलं. मग हळू आवाजात म्हणाले, "वसंताचं. घरात ठेवलं तर तिला कळंल."

न्हाणीच्या दगडावर बसून त्यांनी सगळं सांगितलं. बंदरावर एक वाटाड्या मिळाला होता, प्रवाशांना शहर दाखवणारा. तात्यांनी त्याला वसंताचा फोटो दाखवला. त्याला वाटलं, गृहस्थाला फोटो काढून हवाय. तो स्वतः छत्री धरून ऐटीत उभा राहिला. मग शहर दाखवायला निघाला. तात्या प्रत्येक ठिकाणी फोटो पुढे करत, आणि वाटाड्या प्रत्येक ठिकाणी हसून पुढचं ठिकाण दाखवी. कोपाकबाना, ट्राम, राजाचा वाडा, येशू. अर्धा दिवस असा गेला. "मी त्याच्या पाया पडलो, मास्तर. त्येला वाटलं, येशूच्या पडतोय." दुपारनंतर कुठे त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. मग मात्र तो भला माणूस दुकानादुकानात फोटो घेऊन फिरला. एकानं ओळखलं आणि डोंगराकडे धाडलं. डोंगराच्या पायथ्याशी, पायऱ्या सुरू होतात तिथं नळावर एक म्हातारी धुणं धूत होती. तिनं फोटो निरखून पाहिला, वर बोट केलं आणि म्हणाली, "मोरा ला एं सीमा."

"मेला, म्हनली. शिमेपार गेला," तात्या म्हणाले. "वर बोट केलं, देवाकडं. वाटाड्यानं टोपी काढली. मी हात जोडले आन् फिरलो. वाटाड्या वर चल म्हनत व्हता. मला वाटलं मसनवट दावतोय."

घरी आल्यावर बायकोच्या तोंडाकडे पाहून त्यांनी त्याला जिवंत केलं, घर दिलं, हातात रंधा दिला. पुढे लोक खोदून विचारू लागले. खोट्यात फट राहू नये म्हणून त्यांनी सगळं शहर पक्कं धरून ठेवलं, रोज एकाला दाखवून. मी इतके दिवस ज्याला चक्रमपणा म्हणून हसत होतो ते हे होतं. मला माझीच लाज वाटली.

"पन कावळा शिवत नाय, मास्तर," ते म्हणाले. "चार वर्सं झाली. एकदा पन शिवला नाय. काय राहलंय त्याचं, कोन जाने."

माझ्या मते याचं कारण घरमालकाचा बोका होता, तो दिवसभर त्याच कौलांवर पडलेला असे. पण तसं सांगवेना. मी बोक्याला काठी घेऊन हुसकून दिलं आणि आम्ही दोघं तासभर आभाळाकडे बघत बसलो. शेजारच्या आवारातल्या पानावर कावळे तुटून पडले होते. आमच्या पानाकडे एक आला, मान तिरकी करून बघितलं आणि निघून गेला. शेवटी तात्यांनी ते पान गाईला घातलं.

पुढच्या जूनमध्ये शाळेत कायतान मास्तर आले, चित्रकलेला. मूळचे गोव्याचे, शिक्षण पोर्तुगीज शाळेतलं. गोव्यातलं ते राज्य गेल्यावर त्यांना त्या भाषेत बोलायला कोणी उरलं नव्हतं. स्टाफरूममध्ये मी त्यांना तात्यांच्या साबण-चावीची गंमत सांगितली, वाढप्याचा पेरू सांगितला. ते डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले आणि म्हणाले, "मला ती टूर पाहिजे." मी तात्यांना विचारलं. गुपित मी कोणाला सांगितलं नव्हतं, आणि त्यात धोका आहे हे माझ्या डोक्यात आलं नाही. तात्या खूश झाले. माझ्यासाठी नियम शिथिल करून दोघांना एकदम घेऊन निघाले.

त्या दिवशी टूर फार रंगली. तात्या एक शब्द टाकत, कायतान मास्तर तो नीट उच्चारून परत देत, आणि तात्या माझ्याकडे वळून म्हणत, "बगा, आपलीच भासा." गिरणीपाशी एक बैलगाडी चालली होती. तिला ट्राम म्हणून थांबवून आम्ही चढलो आणि पन्नास पावलांवर उतरलो. गाडीवानाला सवय होती.

पायऱ्यांपाशी तात्यांनी छत्री मिटली. "वर वसंताचं घर. हितून फुडं कुनाला न्यायचं नाय."

कायतान मास्तर म्हणाले, "पण तुम्हाला घर सापडलं कसं? पत्ता होता?"

"नळावर एक म्हातारी व्हती. ती बोलली." आणि भाषेच्या भरात, आपल्याला किती येतं हे दाखवायच्या नादात, तात्या ते वाक्य बोलून गेले, "मोरा ला एं सीमा."

मी कायतान मास्तरांचा हात धरणार होतो. वाटलं, आता हे म्हणतील, अहो, पण याचा अर्थ तर तो मेला. पण ते सहज म्हणाले, "बरोबर. तिथं वर राहतो."

तात्यांनी विचारलं, "काय म्हनलात?"

"मोरा म्हणजे राहतो. वस्ती करतो. ला एं सीमा म्हणजे तिथं वर. तिथं वर राहतो, म्हणाली ती."

"मोरा म्हंजे मेला."

"नाही हो. मेल्याला वेगळा शब्द आहे. हे अगदी साधं वाक्य आहे, लहान पोरालासुद्धा कळेल." कायतान मास्तरांना वाटलं, व्याकरणाचा वाद चाललाय. ते हसतच होते.

तात्यांनी त्यांना ते आणखी दोनदा म्हणायला लावलं. मग ते खालच्या पायरीवर बसले. छत्री हातातून घरंगळून गटारात गेली, ती मी उचलली. ते माझ्याशी बोलत होते, पण बघत होते समोरच्या ताडाकडे. "त्यो वर व्हता, मास्तर. चाळीस-पन्नास पायऱ्या असतील. मी खालून हात जोडले आन् फिरलो." थोड्या वेळानं म्हणाले, "जित्या पोराला मी पान ठेवलं. कावळ्याला कळलं, मला कळलं नाय." मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. चिंध्या झालेल्या नकाशावरून भूगोल शिकवणारा माणूस मी, त्या शहरात आता त्यांचा पोरगा आहे की नाही हेही मला सांगता येत नव्हतं. मधे इतकी वर्षं गेलेली, तात्यांची बोटीवरची नोकरी सुटलेली, गुडघे गेलेले. परत तिकडे नेणारं कोणी नव्हतं.

एकाएकी ते उठले आणि घराकडे चालू लागले, त्या वयाला न शोभणाऱ्या झपाट्यानं. मी मागोमाग. कायतान मास्तर पायऱ्यांपाशी तसेच उभे राहिले. आपण काय बिघडवलं हे त्यांना कळेना.

हिराबाई अंगणात बसून वाळवलेल्या जवळ्यातला कचरा निवडत होत्या. तात्या त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले. धाप लागली होती. "हिरे," ते म्हणाले, "वसंता हाय. जिता हाय. वर राहतो."

हिराबाईंनी मान वर केली. "हाय तर. ह्ये काय नवीन? तुमीच नाय का येऊन सांगलंत."

"हां, पन..."

"पन काय? आन् रडताव कशापायी?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग परत नवऱ्याकडे. "तुमी भेटलात त्याला. त्याच्या हातचं जेवलात. मी नाय भेटले. रडायचं तर मी रडंन."

तात्यांनी तोंड उघडलं. मला वाटलं, आता सांगतील. पायऱ्या, नळ, हात जोडून फिरणं, सगळं. मी दारातून मागे सरकलो.

ते हळूच खाली बसले, सुपातला मूठभर जवळा आपल्याकडे ओढला आणि कचरा निवडू लागले.

"हां," ते म्हणाले. "जेवलो त्याच्याकडं."