गणपती कुणाच्या डोक्यावर?

इंद्रदेवने घरात लोकशाही आणायचं ठरवलं, तेव्हा विसर्जनाला फक्त दोन तास उरले होते.

तो जिल्ह्याच्या कौन्सिलात कारकून. आतापर्यंत कौन्सिलचे मेंबर सरकार नेमायचं. आता शहर आणि आसपासची गावं मिळून त्यांना निवडणार होती, आणि त्या निवडणुकीचे नवे नियम टाईप करायचं काम इंद्रदेवकडे आलं होतं. (टाईप करता करता दोन नियम त्याने स्वतःच्या मनाने घुसडले. साहेबांना ते आवडले. तेव्हापासून त्याचे पाय जमिनीला लागत नव्हते.)

पेती राफ्रे गावातल्या त्याच्या घरात गणपती डोक्यावर घेऊन नदीपर्यंत जायचा मान, वडील गेल्यापासून, सात वर्षं त्याचाच. त्या मानावर त्याचा जीव. वर्षभर लोक त्याला कारकून म्हणायचे. त्या एका दिवशी रस्ता सोडायचे.

"पण मला नेमलं कुणी?" तो जोशात ओरडला. "कुणीच नाही! निवडणूक घेऊ. गुप्त मतदान. बायकांनाही मत!"

"अहो, गुमान घ्या ना गणपती," बायको निर्मला म्हणाली.

"घेणारच. पण निवडून येऊन!"

मतदार चार: तो, निर्मला, आई अनुसया आणि धाकटा भाऊ सत्यदेव. चिठ्ठ्या बिस्किटाच्या डब्यात पडल्या. इंद्रदेव एक, निर्मला एक, अनुसया एक, सत्यदेव एक.

"आये, तू स्वतःला मत दिलंस?"

"छे रे, तुलाच दिलं."

निर्मलानेही त्यालाच दिलं होतं. सत्यदेवनेही. म्हणजे इंद्रदेवला चार मतं पडली होती. डब्यात एकच निघालं. (तेही त्याच्याच अक्षरातलं.)

दुसऱ्या फेरीआधी त्याने आईला लुगडं कबूल केलं, निर्मलाला शिवणयंत्र, सत्यदेवला स्वतःची सायकल. तिघांनीही मान डोलावली. एक, एक, एक, एक.

बाहेर ढोलकी घुमू लागली, झाकरीवाले नाचू लागले.

"बोंदिये! देवा रे!" सत्यदेवने कपाळ धरलं. "दादा, अध्यक्षाला एक जादा मत असतं ना?"

"असायचं. मी काढून टाकलं," इंद्रदेव अभिमानाने म्हणाला. मग जरा कमी अभिमानाने म्हणाला, "पण नियम अकरा आहे. तोही माझाच. एकमत होईना, तर बाहेरचं माणूस कारभारी नेमावं. त्याचा शब्द शेवटचा."

तेवढ्यात त्रियोले गावाहून येणारी बस दारासमोर थांबली आणि सासूबाई भगवती पिशवी घेऊन उतरल्या.

"बाहेरचं माणूस!" तिघं एकदम ओरडली.

सासूबाईंनी सगळे नियम शांतपणे ऐकून घेतले. पदर खोचला. गणपती उचलून स्वतःच्या डोक्यावर ठेवला.

"माझा शब्द शेवटचा ना, जावईबापू?"

"हो, पण..."

"मग झालं. विहीणबाई, आरतीचं ताट तुमच्याकडे. निर्मला, नारळ. सत्यदेव, ढोलकी."

"आणि मी?"

सासूबाईंनी त्याला वरपासून खालपर्यंत नीट पाहिलं. साहेबही इतकं निरखून पाहत नसत.

'मोरया'च्या गजरात सगळं गाव नदीत उतरलं, तेव्हा काठावर इंद्रदेव एकटाच सदतीस जोड चपला राखत उभा होता. तेही निवडून येऊन नव्हे, नेमणुकीने. आणि पहिलं वर्ष प्रोबेशनवर.