बर्व्यांचा बादशाही माल

बर्व्यांकडे चहा हवा असेल तर आधी नखं मोजावी लागतात. आखातातल्या रुवीच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये टीव्हीच्या जागी एक चिनी फुलदाणी आहे आणि तिच्या गळ्याभोवती ड्रॅगन आहे. पाहुण्याने बोट न लावता त्याच्या पंजाची नखं मोजायची. "पाच ना? म्हणजे खास बादशहाचा माल! चार असती तर सरदाराचा." मग आत चहाचं आधण चढतं. मी त्यांच्या वरच्या मजल्यावर राहतो, त्यामुळे झोपेतही पाच म्हणेन.

बर्वे हिशेबनीस. निझव्याच्या म्हाताऱ्या अर्बाबने, म्हणजे त्यांच्या मालकाने, खूश होऊन घरच्या कोनाड्यातली ही फुलदाणी त्यांना दिली आणि आमचे बर्वे तिच्यावर रंगवलेल्या चिनी सिद्धपुरुषांचे कुलोपाध्याय झाले. "हा कुबडीवाला. याच्या भोपळ्यात अमृत. आपले चिरंजीव सात, यांचे आठ!" वटवाघळं पाहून कुणी नाक मुरडलं की लगेच, "अहो, तिकडे ती भाग्य आणतात!" मधोमध मोठ्या कपाळाचा एक म्हातारा, हातात पीच, शेजारी करकोचा. "दीर्घायुष्य मागायचं ते याच्याकडे." एवढं ऐकेपर्यंत चहा निवलेला असायचा.

गेल्या वर्षी मालतीवहिनी आजारपणात गेल्या. यंदा बर्वे निवृत्त झाले आणि मुलाकडे पुण्याला जायचं ठरलं. "नातवंडं घरात क्रिकेट खेळतात. फुलदाणी एका दिवसात खलास," म्हणून ती विकायचंही त्यांनीच ठरवलं. कुरुमहून एक जुन्या वस्तूंचा व्यापारी आला. सोबतीला मला बोलावलं होतं.

त्याने भिंग लावून सगळं तपासलं. "माल अच्छा है." मग म्हाताऱ्याच्या कपाळावर त्याचं बोट थांबलं. "बस ये लाल दाग. दरार में रंग बैठ गया है. केमिकल से निकाल देता हूँ, फिर ले जाऊँगा." त्याने पिशवीतून कापूस काढला.

बर्वे एकदम मध्ये उभे राहिले. "हाथ मत लगाना. नहीं बेचना. खलास!"

व्यापारी पुटपुटत गेला. मला काही कळेना. फुलदाणीवर कुणाच्या बोटाचा ठसा दिसला तरी घर डोक्यावर घेणारा हा माणूस.

"बर्वे, डागच तर होता."

"कुंकू आहे ते," बर्वे म्हणाले. "देवपूजा झाली की ही रोज त्या म्हाताऱ्याला लावायची. मी ओरडायचो, बादशहाचा माल आहे, घाण करू नकोस. तर म्हणायची, मागायचं असेल तर आधी पूजा नको का करायला?"

"काय मागायच्या वहिनी?"

"माझं आयुष्य." त्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. "हॉस्पिटलात नेलं त्या सकाळीसुद्धा माझंच मागितलं. स्वतःसाठी माग, असं तिला कुणी सांगितलंच नाही हो. मीही नाही."

फुलदाणी आता विमानात मांडीवर घेऊन नेणार म्हणाले. मग ते आत जाऊन चहा घेऊन आले. मी नखं मोजली नव्हती. त्यांनी विचारलं नाही.