गोळ्या परत द्या

पाटवडी रस्सा करायचा, एवढंच आईने ठरवलं होतं. नागपूरहून बसवनगुडीत येऊन आम्हाला काही वर्षं झाली, पण बिल्डिंगमध्ये आईला अजून एकही मैत्रीण नव्हती. तिचं कानडी ‘स्वल्प’ने (थोडं) सुरू होतं आणि ‘सरी’ला (बरं) संपतं. (माझं कानडी शाळेमुळे उत्तम आहे, पण मी कुठल्याच भाषेत बोलत नाही.) जेवायला बोलावलं की भाषा लागत नाही, असं आईचं म्हणणं.

“शुभदा, इथल्या माणसांना आपला रस्सा झेपेल का?” बाबांनी विचारलं.

“त्याची सोय केलीय,” आई म्हणाली. सोय म्हणजे बडीशेपेच्या वाटीशेजारी अ‍ॅसिडिटीच्या चघळायच्या गोळ्या. निघताना प्रत्येकाला चिमूटभर बडीशेप आणि एक अख्खी स्ट्रिप!

“तुमच्याकडे अशी पद्धत आहे का?” खालच्या मजल्यावरच्या हेमलता आंटींनी स्ट्रिप घेताना मला हळूच विचारलं. मी मान डोलावली. (नाही म्हटलं असतं तर पुढे बोलावं लागलं असतं.)

जेवण जोरात झालं. नागराज अंकलनी डोळे पुसत पुसत पुन्हा पुन्हा रस्सा घेतला. दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये कुणीतरी आईला ‘शुभदा अक्का’ म्हणालं. ही बातमी संध्याकाळपर्यंत फोनवरून अख्ख्या नागपूरला कळली.

आणि शनिवारी बाबा मेडिकलमधून तोंड पाडून आले. “त्या गोळ्या कंपनीने परत मागवल्यात. लिहिलंय त्यापेक्षा औषध कमी भरलंय म्हणे. अपाय काही नाही, पण उपयोगही नाही.”

आई मटकन खाली बसली. “म्हणजे मी लोकांच्या पोटात आग लावली आणि विझवायला खडू दिला? आत्ता कुठे अक्का म्हणायला लागले होते हो!”

“ग्रुपवर मेसेज टाकतो.”

“खबरदार! असं फोनवर सांगतात का? दारी जाऊन सांगायचं. कस्तुरी जाईल. तिला कानडी येतं.”

जिन्यात मी वाक्य पाठ केलं. फार छान वाक्य होतं. त्यात कंपनी होती, औषधाचं प्रमाण होतं, क्षमा होती, शेवटी आईचा नमस्कारही होता. हेमलता आंटींनी दार उघडलं आणि यातलं सगळं पळून गेलं. उरलं एवढंच, “मात्रे वापस कोडी.” गोळ्या परत द्या.

आंटी बघतच राहिल्या. “आईने सांगितलंय?”

मी मान डोलावली.

“रागावलीय का ती?”

आई खरंच रागावली होती. (कंपनीवर.) मी पुन्हा मान डोलावली.

कृष्णाबाई आज्जी निपाणीच्या, नुकत्याच मुलाकडे राहायला आलेल्या. त्या माझ्याशी मराठीच बोलतात, त्यामुळे मला सबबही नव्हती. “का गं बाळ, दिलेलं परत मागत्यात व्हय? आमचं काय चुकलं?” मी ‘सॉरी’ म्हणून स्ट्रिप घेतली आणि पळाले. नागराज अंकलनी तर रिकामी स्ट्रिपच हातात ठेवली. “मी सगळ्या खाल्ल्या! सूपर गोळ्या! आता काय करू?”

थोड्याच वेळात आमची बेल वाजली. दारात निम्मी बिल्डिंग. हेमलता आंटींच्या हातात गरम चित्रान्नाचा, म्हणजे लिंबूभाताचा डबा, नागराज अंकलच्या हातात दुसऱ्या कंपनीच्या गोळ्यांचा कोरा खोका.

“अक्का, आम्ही त्या दिवशी आवरायला थांबलो नाही, म्हणून रागावलात का?” आंटींनी कानडीत विचारलं.

आई पांढरीफटक पडली. “कस्तुरी, काय म्हणतायत? कुणाला अ‍ॅडमिट केलं का?”

मी आईकडे पाहिलं. मिळालेल्या सगळ्या मैत्रिणी दारात उभ्या होत्या, आणि माझ्या मान डोलावण्यामुळे त्या परत जाणार होत्या.

मग मी तोंड उघडलं. कानडीत. मोठ्याने. कंपनीने औषध कमी भरलं, आई तुमच्यावर नाही, कंपनीवर रागावलीय, तिला तुमच्या पोटांची काळजी वाटतेय, तुम्ही जेवायला आलात त्या रात्री ती भांडी घासताना गाणं म्हणत होती, आणि हा सगळा घोळ माझा आहे, कारण दार उघडलं की माझी वाक्यं पळून जातात! बोलण्याच्या भरात मी चपलांच्या कपाटावर हातसुद्धा आपटला.

हेमलता आंटींनी पदर डोळ्यांना लावला. अंकल टाळ्या वाजवणार, एवढ्यात आई पुढे धावली, मला दंडाला धरून मागे ओढलं आणि सगळ्यांपुढे हात जोडले.

“माफ करा हो! ती एरवी अशी भांडत नाही कुणाशी!”

कृष्णाबाई आज्जींनी हसू दाबत ते कानडीत सांगितलं. एकच हशा पिकला. चपला निघाल्या, डबा उघडला, सगळे घरात शिरले. नागराज अंकलना माझं अक्षर न् अक्षर कळलं होतं. त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग आईच्या जोडलेल्या हातांकडे, आणि मोठ्या मनाने म्हणाले,

“परवागिल्ला, परवागिल्ला. असू दे, लहान आहे. आम्ही माफ केलं तिला.”