सोसायटीचा ऑटोमॅटिक पंप

ऐका ना, आपल्याला हे जमतं असं मी भर मीटिंगमध्ये सांगितलं होतं! आमच्या नाहूरच्या सोसायटीत पाण्याचा पंप वीस वर्षं दत्ताराम काका हाताने चालू-बंद करतात. मी म्हटलं, "नखाएवढी चिप लावते, पंप आपोआप चालेल. शनिवारी काम खल्लास." सेक्रेटरी सुगंधाकाकू इतक्या खूश झाल्या की त्यांनी काकांना पंधरा दिवसांची रजाच देऊन टाकली. शनिवारी सकाळी काकांनी जुना स्विच काढून माझ्या हातात ठेवला आणि निघाले सावंतवाडीला.

आता चिप एवढीशी, तिच्यावर प्रोग्राम बनवता येत नाही. तो डेस्कटॉपवर बनवायचा, पण चिपला चालेल असा, आणि मग तिच्यात भरायचा. त्याला जी हत्यारांची पेटी लागते ती टूलचेन. दुपारी इन्स्टॉल करायला घेतली. सूचना होती, वेगळा फोल्डर करा. वेगळा? वन बीएचकेत सहा जणांत वाढलेली पोरगी मी! कम्प्युटरच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये जागा दिसली, म्हटलं तिथेच ॲडजस्ट करू. या नावाच्या फायली आधीच आहेत, बदलू का, असंही विचारलं बिचाऱ्याने. मी म्हटलं, बदल.

पाच मिनिटांत कम्प्युटर आडवा. काहीच चालेना. मित्राला, सम्यकला फोन लावला.

"म्हणजे तू त्याच्या फायली काढून चिपच्या टाकल्यास?"

"थोड्या."

"हत्तीला मुंगीचं काळीज बसवलंस गं."

"मग आता?"

"सगळं पुसून नव्याने टाक. उद्या संध्याकाळपर्यंत होईल."

पाच वाजता वरची टाकी संपली. अठ्ठावीस घरांचे नळ कोरडे. पाचव्या मिनिटाला डोक्याला टॉवेल गुंडाळून सुगंधाकाकू दारात.

"जान्हवी, ऑटोमॅटिक कधी होणार?"

"काकू, अपडेट चालू आहे."

"माझ्या केसात शाम्पू आहे. त्याचं काय अपडेट?"

सात वाजता इलेक्ट्रिशियनने जुना स्विच परत बसवला. कमिटीने आपलं हसं नको म्हणून गप्प बसायचं ठरवलं, आणि मला रोज पहाटे साडेपाचला बटण दाबायला लावलं. लिफ्टजवळ नोटीस आहे, जाऊन वाचा:

"सोसायटीचा पंप आता ऑटोमॅटिक झाला आहे. पाणी न आल्यास ४०३ मधल्या जान्हवीला उठवावे."