ज्याने लावली त्यानेच उघडायची

"बोटभर! चांगली बोटभर उघडी ठेवली होतीस तू चेन!" कुकरराव बैठकीच्या खोलीत उभे राहून मेहुण्यावर ओरडत होते.

"टोकापर्यंत लावली होती, भावजी."

"मग पाणी काय माझ्या नाकातून शिरलं आत?"

कुकरराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. डोंगरातल्या धरणावर ते मुख्य पाणबुडे होते, आणि थोड्याथोड्या वेळाने त्यांची शिट्टी होते म्हणून तिथल्या मंडळींनी हे नाव ठेवलं होतं. अर्थात पाठीमागे. तोंडावर सगळे त्यांना साहेबांपेक्षा जास्त मान देत, कारण साहेब नुसते रागावत, कुकरराव अंगावर धावून येत.

धरणाचं पाणी हाडं गोठवणारं. तळाशी जाळी साफ करायला उतरायचं तर ड्रायसूट लागतो. गळ्यापासून पायापर्यंत एकसंध, बूटसुद्धा त्यालाच चिकटलेले, गळ्याला आणि मनगटांना घट्ट रबर. आत लोकरीचे कपडे घालायचे आणि ते कोरडेच्या कोरडे घेऊन वर यायचं. फक्त त्याची चेन असते पाठीवर, एका खांद्यापासून दुसऱ्या खांद्यापर्यंत, आणि तिथे आपला हात पोचत नाही. म्हणून पाणबुड्यांची जोडी लागते, आणि कुकररावांची जोडी मेहुण्याशी होती. या जोडीसाठी कुकररावांनी स्वतः एक नियम घालून दिला होता: ज्याने चेन लावली त्यानेच ती उघडायची. चार हात लागले की दात वाकतात, सूट कामातून जातो आणि मग कोणाच्या नावाने ओरडायचं तेही कळत नाही. कुकररावांना हा शेवटचा मुद्दा फार महत्त्वाचा वाटे.

आणि काल नेमका त्यांचाच ड्रायसूट ओला झाला. ते वर आले तेव्हा दात वाजत होते आणि बुटांत पाणी डचमळत होतं. दोघांनी त्यांना पाय वर करून धरलं आणि तांब्या उपडा करावा तसं रिकामं केलं. सगळं धरण हसलं. साहेबही हसले, आणि हसून झाल्यावर म्हणाले, "उद्या दिवसभर भांडा, परवा परत उतरायचंय. तुमचं दोघांचं जमत नसेल तर सांगा, मी दुसरी जोडी बोलावतो." इतक्या वर्षांची जोडी मोडायची भाषा! कुकररावांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

म्हणून आज घरीच परीक्षा ठरली होती. बाथटब गार पाण्याने काठोकाठ भरून ठेवला होता. दोघांनी सूट चढवले, एकमेकांच्या चेन लावल्या, आणि टबाकडे जायच्या आधीच भांडण पेटलं.

"मी तेव्हाच सांगत होतो, भावजी, तुमची कॉलर..."

"मला शिकवू नकोस! तू लंगोटात होतास तेव्हापासून मी पाण्यात उतरतोय!"

"मग उतरा एकटेच!" मेहुणा कधी आवाज चढवत नसे, पण आज त्याचाही तोल गेला. "ज्याच्यावर विश्वास नाही त्याच्याकडे पाठ कशाला करायची? माफी मागाल तेव्हाच येईन." आणि तो तसाच, सूट घातलेलाच, रबरी बूट फटकफटक वाजवत जिना उतरून गेला. रस्त्यावरची कुत्री त्याच्यावर भुंकली. कुकररावांना ते ऐकून बरं वाटलं.

हे बरं वाटणं फार टिकलं नाही. चेन लावलेली होती आणि लावणारा निघून गेला होता.

"उघडू का मी?" बायको म्हणाली.

"हात लावायचा नाही! नियम म्हणजे नियम!"

"माझ्या भावाला वाटेल ते बोललात ते कुठल्या नियमात बसतं?"

कुकरराव धपकन सोफ्यावर बसले. आत लोकरीचे दोन थर होते, वर बायकोने विणलेला उंच कॉलरचा स्वेटर होता. घामाच्या धारा लागल्या. पंखा लावला, पण ड्रायसूटमधून पाणी जात नाही तिथे वारा काय जाणार? वर सकाळी भांडणाची तयारी म्हणून त्यांनी मोठ्ठे कप भरभरून चहा ढोसला होता. तो आता आपल्या मार्गाने निघाला होता आणि मार्ग बंद होता.

ते उठले, बसले, परत उठले. एक पाय दुसऱ्या पायावर ठेवून खिडकीपाशी उभे राहिले. बायको शांतपणे भाजी निवडत होती. तिची ती शांतता बघून त्यांना आणखीनच राग आला.

शेवटी ते बाथरूममध्ये गेले. खांद्यावर आलेल्या चेनच्या टोकाला त्यांनी चाचपडत कशीबशी सुतळी अडकवली, तिचं दुसरं टोक दाराच्या कडीला बांधलं, "कोणाच्या बापाची गरज नाही मला!" असं ओरडले आणि जोर करून पुढे झेपावले. सुतळी तुटली. समोर बाथटब होता.

डोकं खाली गेलं. सूटमध्ये कोंडलेली सगळी हवा पायांकडे धावली आणि पाय फुगून छताच्या दिशेने उभे राहिले. धरणात अशा वेळी काय करायचं हे कुकररावांनी कितीतरी जणांना शिकवलं होतं, पण टबात गिरकी घ्यायला जागा नव्हती. बायकोने धावत येऊन त्यांना बुटांना धरून बाहेर ओढलं.

"चेन!" ते धापा टाकत म्हणाले. "चेन उघडली का?"

"नाही. अगदी टोकापर्यंत बंद आहे."

कुकररावांच्या पाठीच्या कण्यावरून गार पाणी ओघळत खाली निघालं होतं. चेन बंद, आणि पाणी आत. बायकोने त्यांच्या गळ्याशी वाकून बघितलं. रबराच्या खालून स्वेटरची कॉलर बाहेर आली होती आणि मजेत पाणी पीत होती.

"लोकर आहे ती. ओढणारच पाणी," ती म्हणाली. "कॉलर आत घ्या म्हणून तो काल सांगत होता ना? आजही सांगत होता."

"तू एवढी उंच कॉलर विणलीस कशाला?"

"तुम्हीच ओरडलात, मान उघडी राहते म्हणून!"

आता गार पाण्याने चहाला फारच घाई झाली. "बरं बाई, उघड चेन," ते कळवळून म्हणाले.

बायकोने हात पदराला पुसले आणि मागे घेतले. "मी? छे! नियम म्हणजे नियम. जा माझ्या भावाकडे."

"अडला हरी..." कुकरराव दात खात पुटपुटले.

"पुढे काय? गाढव कोण? माझा भाऊ?"

"मी फक्त हरीपर्यंतच म्हटलं!"

मेहुण्याचं घर त्याच गल्लीच्या टोकाला होतं. कुकरराव बुटांत पाणी डचमळवत, पावलं जवळजवळ टाकत निघाले. मघाची कुत्री आता त्यांच्यावर भुंकली.

बेल वाजताच दार उघडलं. मेहुणाही सूटमध्येच होता. लालबुंद, घामाघूम, एक पाय दुसऱ्या पायावर ठेवलेला. त्याची चेन कुकररावांनी लावली होती, हे कुकरराव रागाच्या भरात पार विसरले होते.

"तू का नाही आलास मग?" ते ओरडले.

"फुटलो असतो, पण आलो नसतो. चूक माझी नव्हती. आधी माफी."

कुकररावांनी तोंड उघडलं. आयुष्यात कधी न काढलेला शब्द काही बाहेर येईना. राग आला, लाज वाटली, पुन्हा राग आला. मग त्यांनी मेहुण्याकडे पाठ केली.

पाठ दिसली की चेन ओढायची, ही इतक्या वर्षांची सवय. मेहुण्याचा हात आपोआप उठला. सर्रकन चेन उघडली आणि कुकरराव सूट सोलत, त्यातून उड्या मारत संडासात घुसले. आतून कडी लागली.

"भावजी! माझी चेन?"

आतून बराच वेळ नुसती धार ऐकू आली. मग एक मोठा, समाधानी उसासा आला, आणि त्यामागून कोणी कधी न ऐकलेला मऊ आवाज.

"हे बघ, मी चुकलो. चेन तू बरोबरच लावली होतीस. कॉलर माझीच. तुझ्यासारखा जोडीदार मिळणं म्हणजे..."

"ऐकलं, भावजी! माफ केलं! बाहेर या!"

"नाही, आज मला बोलू दे. अगदी पहिल्यापासून सांगतो. आपण पहिल्यांदा धरणावर गेलो ना, तेव्हासुद्धा मी तुला उगाचच..."

"भावजी!" मेहुण्याने दारावर दोन्ही मुठी आपटल्या, आणि त्याच्या आयुष्यातली पहिली शिट्टी साऱ्या गल्लीने ऐकली. "माफी गेली खड्ड्यात! आधी दार उघडा!"