गोणपाटावरची टकटक

गोणपाटाच्या पडद्यावर टकटक करता येत नाही. आमचे टिपणीस करायचे. पडद्यापुढे चपला काढायचे, छत्रीवर दोन्ही हात टेकायचे, तोंडाने "टक टक" म्हणायचे आणि आतून 'या' येईपर्यंत जागचे हलायचे नाहीत.

टिपणीस अंबरनाथच्या आमच्या चाळीत शेजारच्याच खोलीत राहायचे आणि काडेपेटीच्या कारखान्यात माझ्या समोरच्या टेबलावर कारकुनी करायचे. एकटा जीव. कारकून म्हटलेलं मात्र त्यांना खपत नसे. आपण संशोधक आहोत, नोकरी हा जोडधंदा, असं ते साहेबालासुद्धा सांगून बसले होते. संशोधन पीएच.डी.चं आणि विषय 'मानवी हक्क'. जगातल्या राष्ट्रांनी मिळून नुकताच तीस कलमांचा एक जाहीरनामा काढला होता. तो टिपणिसांना तोंडपाठ, आणि त्यांच्यामुळे अख्ख्या चाळीला. नळावर कोणी मध्ये घुसलं की कलम सात. दुसऱ्याचं पत्र फोडलं की कलम बारा. रविवारी आमची ही त्यांना दळण आणायला सांगायची, तर "वहिनी, कलम चोवीस, विश्रांतीचा हक्क," असं बजावायचे आणि डबा उचलून चालू पडायचे.

पंचाईत एवढीच होती, की हे हक्क कोणत्या विभागात बसतात ते विद्यापीठाचं ठरत नव्हतं. कायद्याचे प्राध्यापक म्हणाले, हे तत्त्वज्ञान झालं. तत्त्वज्ञानवाल्यांनी राज्यशास्त्राकडे बोट दाखवलं आणि राज्यशास्त्राने समाजशास्त्राकडे. दर ठिकाणी पहिलं प्रकरण नव्याने लिहायचं. ट्रंकेत पहिलीच प्रकरणं चार साठली, दुसऱ्याचा पत्ता नाही. मी एकदा म्हटलं, अहो, विषय बदला, एखादं देऊळबिऊळ घ्या. टिपणीस गंभीरपणे म्हणाले, "कुलकर्णी, माणूस चार खात्यांत कापून मिळत नाही."

समाजशास्त्राच्या प्राध्यापकांनी मात्र आशा लावली. लोकांत जा, माहिती भरून आणा, मग बघू, म्हणाले. तेव्हापासून टिपणीस दर रविवारी उल्हासनगरला निर्वासितांच्या छावणीत जाऊ लागले. लष्कराच्या जुन्या बराकी त्या. एकेका बराकीत दहा-दहा सिंधी कुटुंबं आणि मधे गोणपाट. पहिल्या रविवारी मीही गेलो होतो. हातातले फॉर्म बघून लोकांना वाटलं, सिंधमध्ये सोडून आलेल्या घरांच्या भरपाईची चौकशी करायला सरकारी माणूस आला. सगळी बराक रांगेत. आपण सरकार नाही हे पटवता पटवता टिपणिसांच्या नाकी नऊ आले. पटल्यावर रांग मोडली. उरल्या एकट्या पार्पती दादी, त्यांच्या पडद्याबाहेर टिपणीस "टक टक" म्हणून थांबले. दादींनी विचारलं, मग आलास कशाला? टिपणीस म्हणाले, तुम्हाला विचारायला. दादी खो खो हसल्या. मोजणीवाले, औषध फवारणारे, सगळे पडदा वर करून थेट आत शिरतात, बाहेर थांबलेला हाच पहिला, असं त्यांनी शेजारणीला ऐकवलं आणि पापड-पाणी पुढे केलं. छावणीत टिपणिसांचं नाव 'टकटक साईं' पडलं ते तिथून.

असे तीन पावसाळे गेले. मग विद्यापीठाचं पत्र आलं. विषय मुळात कायद्याचा आहे, सबब या विभागात घेता येत नाही, आणि मुदत संपल्यामुळे नावही कमी केलं आहे. टिपणिसांनी पत्र घडी करून खिशात ठेवलं आणि समोरचं काम उरकलं. त्या रविवारी ते छावणीत गेले नाहीत. पुढच्याही नाही. नळावर कोणीतरी त्यांना ढकलून पुढे घुसलं, तरी कलम निघालं नाही. मला फार वाईट वाटलं. मी त्यांच्या खोलीत पेपर न्यायला वेळी-अवेळी दार ढकलून घुसणारा माणूस, पण त्या दिवसांत माझाही धीर होईना.

तिसऱ्या रविवारी सकाळी दादी टकटक साईंचं घर विचारत चाळीत आल्या. छावणीतून पायी. काखेत पापडांचं गाठोडं. टिपणिसांचं दार नुसतं लोटलेलं होतं. मी ते ढकलायला हात पुढे केला, तर दादींनी माझं मनगट धरलं. चपला काढल्या, गाठोड्यावर दोन्ही हात ठेवले आणि तोंडाने म्हणाल्या, "टक टक."

आत काहीच हललं नाही. इतकी वर्षं टिपणीस पडद्याच्या बाहेर उभे राहिलेले. आतून काय म्हणायचं असतं ते त्यांना कोण सांगणार? दादी थांबून राहिल्या. बऱ्याच वेळाने खुर्ची सरकली, दार उघडलं. दाढी वाढलेली. त्यांनी तोंड उघडलं, पण कलम आठवलं नाही.

"या," ते म्हणाले.

दादी आत गेल्या. मला एकदम शरमल्यासारखं झालं. इतक्या वर्षांत मी एकदाही 'येऊ का' म्हणून विचारलं नव्हतं. मी चपला काढल्या आणि उंबऱ्याबाहेरच उभा राहिलो.

टिपणिसांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही काय असे उभे, कुलकर्णी?" ते म्हणाले. "या चाळीत न विचारता हक्काने आत येणारे तुम्ही एकटेच होतात हो."