डोळे बारीक करा

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी सकाळी साडेदहा वाजता माझ्या बैठकीच्या भिंतीवर साडेतीनशे रुपयांची एक फ्रेम लागली. हजर तिघे: मी, माझी पत्नी मंदा आणि खुर्चीवर उभा राहून खिळा ठोकणारा आमचा शेजारी सुधाकर अवचार. खिळा ठोकून झाल्यावर सुधाकर खाली उतरला, उलट्या पावलांनी दारापर्यंत गेला, पापण्या अर्ध्या मिटल्या आणि मला म्हणाला, "सर, डोये बारीक करा."

मी केले नाहीत.

हे वाक्य ऐकलं नाही असा माणूस शिरपुरात नसेल. बस स्टँडजवळ सुधाकरचं फ्लेक्सचं दुकान आहे. वाढदिवस, निवड, श्रद्धांजली, सगळ्यांचे बॅनर तोच करतो. दोन वर्षांपूर्वी त्याला मोबाइलवर एआयकडून चित्रं काढून घेण्याचा नाद लागला, आणि तोही एका विशिष्ट प्रकारचा. आधी खाली काळ्या-पांढऱ्या रंगात अक्षरं किंवा आकृती द्यायची, मग वर 'डोंगर', 'बाजार', 'कपाशीचं वावर' असं काहीतरी मागायचं. मशीन असं चित्र देते की जवळून नुसतं वावर दिसतं, आणि लांब उभं राहून डोळे किलकिले केले की त्याच वावरात अक्षरं उमटतात. अक्षरं दिसली नाहीत तरी बिघडत नाही, असं सुधाकरचं मत. "डोयाले नाई दिसत, पण मनात जाऊन बसते."

मशीनशी तो बोलतोही. "बाप्पा, मांगच्या खेपेले ढग चांगले देले होते. आता झाड झाडासारखं दे." चांगलं आलं तर मोबाइलला दोन बोटांनी नमस्कार.

एकदा कोणाच्या तरी बैलजोडीचं चित्र त्याने मोठ्या कौतुकाने दाखवलं. मालकाचं नाव वशिंडापासून शेपटीपर्यंत लपवलेलं होतं. मी सवयीप्रमाणे मोजलं.

"सुधाकर, उजव्या बैलाले सहा पाय हायेत."

"दोन पाय संदेशाचे हायेत, सर."

त्या दिवशी मला रात्रीपर्यंत बरं वाटत होतं. हे कबूल केलेलं बरं, कारण पुढे जे सांगणार आहे ते सगळं त्याच पोटदुखीतून आलेलं आहे.

मी हायस्कूलमध्ये गणित शिकवतो. सव्वीस वर्षं झाली. माझ्या तासाला शेवटचे दोन बाक झोपतात, हे मला ठाऊक आहे. मागच्या वर्षी मुख्याध्यापकांनी सुधाकरकडून आठवीच्या वर्गासाठी धबधब्याचं एक चित्र करून घेतलं. धबधब्यात 'पाढे पाठ करा' असं लपवलेलं. पोरं मधल्या सुट्टीत डबा सोडून त्याच्यापुढे डोळे बारीक करून उभी. सव्वीस वर्षांत माझ्या फळ्यापुढे कोणी असं उभं राहिलं नव्हतं. मी स्वतः पडताळणी केली. चित्र लावण्याआधी वर्गातल्या एकतीस मुलांपैकी सहा जणांना सतराचा पाढा येत होता. पंधरा दिवसांनी अकरा जणांना आला. हे आकडे मी आजवर कोणाला सांगितले नव्हते.

त्याच्या दुकानातही असंच. समोर समुद्राचं चित्र, त्यात 'चपला बाहेर काढा'. लोक खरंच काढतात. मी म्हणालो, "उंबऱ्याशी चपलांचा ढीग दिसते, म्हणून काढतात लोकं."

"पह्यला ढीग कोनं लावला, सर?"



पण त्याचे काही नियमही होते, आणि त्यांचाही मला राग यायचा, कारण ते चांगले होते. निवडणुकीला उभे राहणारे एक गृहस्थ त्याच्याकडे आले. लग्नात भेट द्यायला दोनशे निसर्गचित्रं हवी होती, प्रत्येकात त्यांचं चिन्ह लपवून. मी तिथेच बसलो होतो. सुधाकर म्हणाला, "मत मांगाचं तं तोंडानं मांगा, भाऊ. चोरून कायले मांगता?" ते गेल्यावर मी त्याला म्हटलं, मोठं काम घालवलंस. तर म्हणतो, "जे बोलाव लागते, पण बोलाले लाज वाटते, तेच लपवाचं. बाकी समदं बोलाचं."

कोणा नवऱ्याला त्याने डाळिंबांच्या टोपलीत 'चुकलं माझं' लपवून दिलं होतं. माहेरी गेलेली बायको चौथ्या दिवशी परत आली. माझ्या माहितीप्रमाणे तिच्या माहेरी तेव्हा पाहुणे होते आणि झोपायला जागा नव्हती. पण गावाने श्रेय डाळिंबांना दिलं.

आता माझ्या भिंतीबद्दल. जिथे ही फ्रेम लागली, तिथे आधी माझा आलेख होता. माझ्या गच्चीवर पर्जन्यमापक आहे. रोज सकाळी आठ वाजता मी त्यातलं पाणी मोजतो, आणि वर्षाच्या शेवटी आलेखाच्या कागदावर निळ्या पेन्सिलने एक स्तंभ वाढवतो. सुट्टी घेतलेली नाही. तापात असताना मंदाने मोजलं, मी खाटेवरून लिहून घेतलं. माझ्या घरात माझी म्हणावी अशी तेवढीच एक वस्तू लोकांना दिसेल अशा जागी होती.

यंदा भिंतीला ओल आली. मंदाने आलेख उतरवला आणि म्हणाली, "कागद कुजला. काढून ठेवला." कुठे ठेवला, ते मी रागाने विचारलं नाही. आठ दिवसांनी त्याच खिळ्याच्या जागी सुधाकरचं चित्र. एक बांध, बांधावर झाडांची ओळ, मागे आभाळ.

"यात काय लपवलं हाये?" मी विचारलं.

"सांगून दाखवलं तं मजा काय?"

मी शिक्षकाच्या नजरेने दोष काढला. "एका बांधावर एवढी लहानमोठी झाडं असतात का?"

"असतात, सर. पावसावर हाये ते."

मी साडेतीनशे रुपये पुढे केले. भिंतीवर उपकार नकोत. त्याने हात मागे घेतला. "दिसलं का मंग द्या."

येणारा प्रत्येक पाहुणा त्या चित्रापुढे डोळे बारीक करी. कोणी म्हणे पायऱ्या दिसतात, कोणी म्हणे कंगवा. मंदा गालातल्या गालात हसे. मी शपथच घेतली की माझ्याच घरात मी डोळे मिचकावणार नाही.

आणखी एक गोष्ट मी केली. पावसाळ्यात रोज सकाळी सुधाकर दात घासत कंपाउंडच्या भिंतीपाशी येई आणि विचारी, "सर, आज किती?" मी आकडा सांगे. तो "बाप्पा" म्हणे आणि चूळ भरे. गावात हा आकडा विचारणारा तो एकटाच. चित्र लागलं त्याच्या दुसऱ्या दिवशी त्याने विचारलं, तेव्हा मी म्हणालो, "पाहून घे तुह्या चित्रात." त्याने ब्रश तोंडातून काढला आणि चूळ न भरताच आत गेला. मग विचारणंही बंद झालं.

पण चहा वाढला. पूर्वी तो आठवड्यातून दोनदा आमच्याकडे चहाला यायचा, आता सहादा. बसायचा चित्राकडे पाठ आणि माझ्याकडे तोंड करून. मला खात्री पटली की चित्रात 'सुधाकरला चहा द्या' असं लिहिलं आहे आणि ते मंदाच्या मनात जाऊन बसलं आहे. मी तिला तसं म्हणालो.

"तुमी एकदा डोये बारीक करून तं पाहा," ती म्हणाली. "काहून एवढा हट्ट?"

"मले समदं उघड्या डोयानं दिसते."

घटस्थापनेच्या आदल्या दिवशी सकाळी भुरभुर चालू होती. मी गच्चीवर मोजून खाली आलो. चष्म्यावर थेंब होते म्हणून दारातच काढून सदऱ्याला पुसायला लागलो आणि सहज समोर पाहिलं. चष्म्याशिवाय मला सगळं पुसटच दिसतं. बांध गेला, पानं गेली, आभाळ गेलं. भिंतीवर माझा आलेख उभा होता.

मी चष्मा घातला, जवळ गेलो आणि झाडं मोजली. बावीस. माझे स्तंभ बावीस. तिसरं झाड ठेंगणं, ते दुष्काळाचं वर्ष. चौदावं आणि पंधरावं जवळजवळ सारखं. बैलाचे पाय मोजणारा मी, महिनाभर घरातली झाडं मोजली नव्हती.

सगळ्यांत उंच आठवं. त्या वर्षी नाल्याचं पाणी सुधाकरच्या घरात शिरलं होतं, आणि तो आणि त्याची आई आमच्या बैठकीत नऊ दिवस राहिले होते. म्हातारी याच भिंतीला टेकून बसायची आणि रोज मला विचारायची, "मास्तर, आज किती?" पुढचा पावसाळा तिने पाहिला नाही. सुधाकरने लग्न केलेलं नाही. तिच्यानंतर त्या घरात तो एकटाच.

आठव्या झाडाखाली, बोटाच्या पेराएवढी, पांढऱ्या लुगड्यातली एक बाई बुंध्याला टेकून बसली होती.

मंदा चहाचं भांडं हातात घेऊन मागे उभी होती. "आलेख मीच नेऊन देला होता त्याले, फोटो काढाले," ती म्हणाली. "रोज चहाले काहून येते तो? तुमाले दिसलं का, ते पाहाले."

मी कंपाउंडपाशी गेलो. सुधाकर तोंडात ब्रश धरून त्याच्या अंगणात उभा होता, आमच्याकडे पाठ करून.

"सुधाकर. बावीस हायेत."

तो वळला. ब्रश तोंडातून काढला.

"आठवं पाह्यलं?"

"पाह्यलं."

"तिचा फोटो नाई माह्याजवळ. मशीनले चाळीसदा सांगा लागलं, तवा कुठी बरोबर टेकून बसली." त्याने ब्रश खाली केला. "चेहरा नाई दिसत. पण बसनं तिचंच हाये."

मी खिशातून साडेतीनशे रुपये काढून भिंतीवर ठेवले. त्याने ते उचलून माझ्या सदऱ्याच्या खिशात परत घातले आणि म्हणाला, "सर, आज किती?"

साडेतीनशे रुपये अजून माझ्याकडेच आहेत. सुधाकर अवचारला त्या सकाळी दिले ते फक्त चौदा मिलिमीटर. "बाप्पा," तो म्हणाला आणि त्याने चूळ भरली.